छोटा जुना ट्रॅक्टर: पारख, खरेदी आणि देखभाल

द्राक्ष, डाळिंब किंवा पेरूच्या बागेत दोन ओळींमधून सहज जाणारा १५ ते २८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर ही आता बागायतदाराची रोजची गरज झाली आहे. फवारणी, आंतरमशागत, शेणखत पसरणे, माल बांधावर आणणे ही सगळी कामे त्याच्यावरच होतात. नव्याची किंमत झेपत नसेल तर जुना घेण्यात कमीपणा नाही, कारण या वर्गातील यंत्रे बांधणीने साधी असतात. प्रदूषणाचे ट्रेम-४ निकष १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरना. त्यामुळे जुन्या बाजारात मिळणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप सहसा यांत्रिकच असतो आणि तो उघडून दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सापडतो. पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेणारा माणूस फसतो तो यंत्राच्या गुंतागुंतीमुळे नव्हे. तो रंग, टायर आणि मॉडेलचे वर्ष पाहतो आणि त्या ट्रॅक्टरने आजवर कोणते काम केले हे विचारायचे राहून जाते.

आधी कामाची चौकशी

सौदा करण्यापूर्वी विकणाऱ्याच्या गावात, शेजाऱ्यांकडे आणि शक्य झाल्यास ज्या गॅरेजात ट्रॅक्टर जात होता तिथे विचारपूस करावी. त्याच वर्षाचे, त्याच कंपनीचे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे असले तरी कामाच्या फरकामुळे एक दहा वर्षे चालेल आणि दुसरा पहिल्याच हंगामात इंजिनचे काम काढेल.

निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या द्राक्षपट्ट्यातला ट्रॅक्टर बहुधा फवारणीच्या ब्लोअरवर राबलेला असतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर हवामान ढगाळ झाले की डाऊनी आणि भुरी या रोगांच्या भीतीने फवारण्या एकापाठोपाठ एक येतात, आणि त्या काळात इंजिन पीटीओच्या, म्हणजे मागे जोडलेले अवजार फिरवणाऱ्या शाफ्टच्या, ठरलेल्या वेगावर तासन्‌तास चालत राहते, तर ट्रॅक्टर मात्र बागेत मुंगीच्या चालीने सरकत असतो. म्हणून अशा ट्रॅक्टरचे टायर जवळजवळ कोरे दिसतात आणि इंजिन, पीटीओचे सील व क्लच पुष्कळ झिजलेले असतात. चांगल्या टायरवरून कमी वापराचा अंदाज बांधणे या पट्ट्यात हमखास चुकते.

फवारणीचा दुसरा परिणाम म्हणजे गंज. बोर्डो मिश्रणातील मोरचूद आणि गंधकयुक्त औषधे यांचे बारीक तुषार ट्रॅक्टरच्या मागच्या भागावर सतत बसत असतात. बाहेरून रंग मारून पत्रा नवा करता येतो. वायरिंगला रंग मारता येत नाही. मागच्या दिव्यांची आणि मडगार्डखालची वायरची जोडणी हाताने ओढून उघडावी आणि आत पाहावे. पितळी टोकांवर हिरवट-निळी पूड साचलेली असेल आणि तार वाकवताच तुटत असेल, तर पूर्ण वायरिंग बदलण्याचा खर्च मनात धरावा. हीच पूड बॅटरीच्या टर्मिनलवर, अल्टरनेटरच्या मागे आणि हायड्रॉलिकच्या पत्र्याच्या नळ्यांवरही शोधावी.

कोकणात किंवा भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरची दुखणी निराळी असतात. चाके आसापर्यंत पाण्यात राहिल्यामुळे पुढच्या हबचे सील जातात, बेअरिंगमध्ये गाळ शिरतो, आणि गिअरबॉक्स किंवा मागच्या आसाच्या तेलात पाणी मिसळते. चारचाकी ओढीचा (फोर-व्हील ड्राइव्ह) ट्रॅक्टर असल्यास पुढच्या आसातील तेल थोडे काढून पाहण्याचा आग्रह धरावा. ते दुधाळ किंवा चिकट करड्या रंगाचे निघाले तर पुढे बोलण्याआधी मिस्त्रीला विचारावे.

तिसरा प्रकार ट्रॉली ओढलेल्या ट्रॅक्टरचा. विटा, वाळू किंवा ऊस यांची भाड्याने वाहतूक छोट्या ट्रॅक्टरला परवडत नाही, तरीही ती करून घेतली जाते. मागच्या हूकचे किंवा ड्रॉबारचे भोक गोल राहिले आहे की ओढून अंड्यासारखे लांबट झाले आहे, एवढे पाहिले तरी निम्मी गोष्ट कळते. क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्सचे कवच यांवर या कामाचा सर्वाधिक ताण येतो. कवचावर वेल्डिंगची शिवण दिसल्यास असा ट्रॅक्टर कितीही स्वस्त मिळाला तरी नवख्याने घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तासांच्या मीटरवर विसंबून राहू नये, कारण त्याची केबल काढून ठेवणे अगदी सोपे असते. मीटर ८०० तास दाखवत असेल आणि क्लच-ब्रेकच्या पेडलवरचे रबर झिजून लोखंड चकाकत असेल, तर पेडलवर विश्वास ठेवावा. स्टिअरिंगची पकड, सीटचे फाटलेले कोपरे आणि लोअर लिंकच्या (अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या) टोकांच्या गोळ्यांमधला सैलपणा हेही प्रामाणिक साक्षीदार आहेत.

कागदपत्रे

यंत्र तपासण्याआधी कागद पाहावेत, म्हणजे दोष निघाल्यास मिस्त्रीचा दिवस वाया जात नाही. नोंदणी पुस्तिकेवरील इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक ट्रॅक्टरवरील क्रमांकांशी अंकन्‌अंक जुळले पाहिजेत. चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. तो जपून ठेवावा. क्रमांकाच्या भोवती घासल्याच्या खुणा असतील किंवा अंकांची ओळ वाकडी असेल तर तिथेच थांबावे. वाहन क्रमांक परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर टाकला की नोंदणीची मुदत, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा आहे किंवा नाही हे दिसते.

कर्ज फिटले असले तरी पुस्तिकेवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागतो. विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये आणि नाव बदलण्याचा अर्ज नमुना ३० मध्ये करायचा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन ट्रॅक्टर वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर चालवण्याची खेड्यांत पडलेली पद्धत दोघांनाही घातक आहे, कारण अपघात झाला की नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याला न्यायालयात उभे राहावे लागते. विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा. ट्रॉली सोबत घेत असाल तर तिची नोंदणी स्वतंत्र असते हे लक्षात ठेवावे. ट्रॅक्टर शासकीय अनुदानावर घेतलेला असेल, तर ठरावीक काळ तो विकू नये अशी अट मंजुरीच्या पत्रात असू शकते. ते पत्र मागून वाचावे.

इसार द्यावा तो पावती लिहून, क्रमांकासह. मोठी रक्कम बँकेतूनच द्यावी, आणि शेवटचा हप्ता नाव बदलण्याचे कागद हातात पडल्यावर द्यावा.

थंड इंजिनची परीक्षा

ट्रॅक्टर पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण येईपर्यंत तो सुरू करू नये असे आधीच सांगून ठेवावे. पोहोचल्यावर सर्वांत आधी इंजिनवर हात ठेवावा. ते कोमट लागले तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे. गरम इंजिन अर्धे दोष लपवते.

इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे. पाण्यावर तेलाचा तवंग नसावा आणि आतल्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार दाटलेला नसावा. मग ऑइलची पट्टी काढून बोटांवर तेल चोळावे. काळे तेल हे डिझेल इंजिनात नैसर्गिक आहे, त्यावरून घाबरू नये. ते दुधाळ असेल तर हेड गॅस्केट गेल्याची किंवा हेडला चीर पडल्याची शक्यता असते. पातळी खुणेच्या वर चढलेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल इंजिनच्या तळाला उतरते आहे असे समजावे.

आता रेडिएटरचे झाकण उघडेच ठेवून सेल्फ मारावा. चांगले इंजिन दोन-तीन झटक्यांत सुरू होते. सुरुवातीचे काही क्षण पांढरा धूर आला तर हरकत नाही. तो पाच-सात मिनिटांनंतरही टिकला तर इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, कमी कॉम्प्रेशन किंवा सिलेंडरमध्ये शिरणारे पाणी यांपैकी काहीतरी आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते. काळा धूर ओझ्याखाली थोडा येणारच. रिकाम्या ट्रॅक्टरला रेस करताना तो सतत येत असेल तर एअर फिल्टर चोंदलेला आहे किंवा पंपाचे डिझेल वाढवलेले आहे. या वेळात रेडिएटरच्या पाण्याकडेही लक्ष असावे. त्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले तर सिलेंडरची हवा पाण्यात शिरते आहे. पाणी तापण्याआधी झाकण लावून टाकावे आणि गरम झाल्यावर ते कोणत्याही कारणाने उघडू नये.

इंजिन मंद चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून तसेच तोंडावर ठेवावे. ते थरथरले तर ठीक. उडू लागले आणि तोंडातून धुराचे भपके येऊ लागले, तर मिस्त्रीच्या भाषेत ट्रॅक्टर ‘बॅक कॉम्प्रेशन मारतो’, म्हणजे रिंगा आणि लायनर झिजले आहेत आणि इंजिनचे काम जवळ आले आहे. छोट्या ट्रॅक्टरमध्ये एका सिलेंडरची इंजिनेही असतात आणि तीन सिलेंडरची असतात. एका सिलेंडरचे इंजिन मुळातच जास्त हादरते, त्यामुळे हादऱ्यावरून निष्कर्ष काढण्यापेक्षा आवाज एकसारखा आहे का, मध्येच धातूची टकटक ऐकू येते का, याकडे कान द्यावा.

चालवून पाहणे

फक्त अंगणात पुढे-मागे केलेला ट्रॅक्टर पाहिलेला नाही असे धरावे. शेतात, शक्य तर रोटाव्हेटर किंवा भरलेला ब्लोअर जोडून, किमान अर्धा तास चालवावा.

क्लचसाठी एक सोपी परीक्षा आहे: समोर मोकळी जागा पाहून दोन्ही ब्रेक घट्ट दाबावेत, वरचा गिअर टाकावा, मध्यम रेस ठेवून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन दबून बंद पडले तर क्लच धरतो. ट्रॅक्टर जागच्या जागी आणि इंजिन आरामात चालू राहिले तर क्लचची प्लेट झिजलेली आहे. ही परीक्षा एकदाच करावी. क्लच पूर्ण दाबूनही गिअर करकरत पडत असेल तर क्लच नीट सुटत नाही. दुहेरी क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पेडल अर्धे दाबल्यावर ट्रॅक्टर थांबतो आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओ थांबतो. दोन्ही टप्पे वेगळे जाणवले पाहिजेत. प्रत्येक गिअरमध्ये ओझ्याखाली चालवावे आणि गिअर आपोआप निसटतो का ते पाहावे.

डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले वेगवेगळी दाबून पाहावीत, मग ती खिटीने जोडून रस्त्यावर ब्रेक लावावा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊ नये. पुढचा आस जॅकवर उचलून चाक वर-खाली आणि आडवे हलवावे. वर-खाली हलले तर हबची बेअरिंगे किंवा किंग पिनचे (पुढचे चाक जिच्यावर वळते त्या पिनचे) बुश गेले आहेत, आणि आडवे हलवताना स्टिअरिंगचे सांधे खडखडले तर बॉल जॉइंट बदलावे लागतील. ही दुरुस्ती महाग नाही. भावात वजा करावी.

लिफ्टकडे मात्र दुर्लक्ष करू नये. मागे जड अवजार जोडून ते वर उचलावे आणि इंजिन बंद करावे. अवजार काही मिनिटांतच जमिनीला टेकले तर लिफ्टचा सिलेंडर किंवा व्हॉल्व्ह गळतो. इंजिन चालू असताना लिफ्ट उचक्या देत असेल तर तीच तक्रार, किंवा तेल कमी आहे. पीटीओ चालू करून वेगवेगळ्या रेसला आवाज ऐकावा, मग इंजिन पूर्ण बंद करून शाफ्टच्या दात्यांवरून बोट फिरवावे. दाते धारदार किंवा एका बाजूने खाल्लेले नसावेत.

टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते. तिचे पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. नक्षी उंच असली तरी बाजूच्या भिंतीला भेगा पडलेल्या असतील तर टायर जुनाच. चारचाकी ओढीच्या ट्रॅक्टरवर पुढचे आणि मागचे टायर कंपनीने दिलेल्या मापाचेच असावेत, कारण दोघांच्या परिघाचे गणित गिअरमध्ये बसवलेले असते. वेगळ्या मापाचे टायर घातले तर पुढच्या आसाचे गिअर एकमेकांविरुद्ध ताणले जाऊन झिजतात. त्याच कारणाने कडक रस्त्यावर चारचाकी ओढ लावून चालवू नये.

सुटे भाग मिळतात का, याची चौकशी त्याच दिवशी करावी. बंद पडलेल्या मॉडेलचा ट्रॅक्टर फुकट मिळाला तरी फवारणीच्या ऐन दिवसांत एका सीलसाठी आठवडा थांबणे बागेला परवडत नाही.

घरी आणल्यावर

आधीच्या मालकाने ‘मागच्याच महिन्यात ऑइल बदलले’ असे सांगितले तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलावेत, गिअरबॉक्सचे तेल तपासावे, रेडिएटर धुवून नवे कूलंट भरावे. त्या दिवशीचे मीटरचे आकडे वहीत लिहावेत; पुढची सगळी देखभाल तिथून मोजता येते. कंपनीची माहितीपुस्तिका हरवली असेल तर डीलरकडून मिळवावी, कारण तेलाचा दर्जा आणि पातळी मॉडेलनुसार बदलते. अनेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन ऑइल साधारण २५० तासांनी बदलतात. धुळीत आणि पीटीओवर जास्त काम असेल तर त्याआधी बदलणे हिताचे.

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. त्यातील क्षार नळ्यांत बसतात आणि उन्हाळ्यात इंजिन तापू लागते. रेडिएटरच्या जाळीत गवत आणि वेलीची वाळलेली पाने अडकतात. ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या हवेने काढावीत. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने जाळीच्या पातळ पात्या दुमडतात.

एअर फिल्टर ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट आहे. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर धुळीच्या कामात वाटी रोज उघडून पाहावी, तळाशी गाळ दिसला की डिझेलने धुवून खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. खुणेच्या वर ऑइल भरले तर ते इंजिनात ओढले जाते. कागदी फिल्टर असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारावी. तो आपटून साफ करू नये.

टाकी रिकामी होऊन ट्रॅक्टर बंद पडला, किंवा डिझेल फिल्टर बदलला, की नळीत हवा शिरते आणि सेल्फ मारून बॅटरी संपते. अशा वेळी टाकीत डिझेल भरावे, डिझेल फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा आणि फीड पंपाचा हाताने दाबायचा खटका दाबत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग धार आली की पंप दाबत असतानाच स्क्रू आवळावा. तेच पुन्हा डिझेल पंपावरच्या स्क्रूला करावे. तरीही इंजिन सुरू झाले नाही तर नोझलकडे जाणारे नट सैल करून सेल्फ मारावा लागतो, पण ते पहिल्यांदा मिस्त्रीसमोर शिकावे: नोझलमधून निघणारी धार कातडीत शिरण्याइतक्या दाबाची असते, तिच्यापुढे हात नेऊ नये.

ग्रीस देताना आधी निपल कापडाने पुसावे, मग जुने ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत गन दाबावी. चिखलाचे काम असेल त्या दिवशी किंग पिन, पुढच्या आसाची मधली पिन आणि लिंकेज यांना संध्याकाळीच ग्रीस द्यावे. फवारणी संपली की ट्रॅक्टरचा मागचा भाग साध्या पाण्याने त्याच दिवशी धुवावा, आणि बॅटरीच्या टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर ठेवावा.

पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो, म्हणजे शाफ्ट एका सेकंदात नऊ वेळा फिरतो. उपरण्याचे टोक, साडीचा पदर किंवा ओढणी त्यात अडकली तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण तुटलेले असेल तर ब्लोअर जोडण्याआधी नवे बसवावे, इंजिन चालू असताना शाफ्ट ओलांडू नये, आणि चालकाखेरीज कोणालाही, मुलांना तर मुळीच, मडगार्डवर बसू देऊ नये.

हंगामानंतर ट्रॅक्टर महिनाभराहून अधिक काळ उभा राहणार असेल तर टाकी डिझेलने भरून ठेवावी, म्हणजे रिकाम्या जागेत बाष्प साचून पाणी होत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी, टायरमधील हवा तपासावी आणि सायलेन्सरचे तोंड झाकावे. दर पंधरवड्याला तार जोडून, झाकण काढून, इंजिन वीस मिनिटे चालवावे. त्याच वेळी लिफ्ट दोन-चार वेळा वर-खाली करावी, म्हणजे तिचे सील वाळत नाहीत.